सरांच्या बनियनमधल्या पेशी

भारनियमनाविरुद्धच्या आमच्या आंदोलनाला प्राणिशास्त्राच्या निवृत्त सरांइतका निरुपयोगी पाठीराखा अख्ख्या चंद्रपुरात सापडला नसता. कोळसा आमचा, धूर आमचा आणि अंधारही आमचाच, हे माझं पत्रक त्यांना तोंडपाठ होतं. पण मोर्चात ते हात काही वर करीत नसत. बनियनच्या आत, छातीशी, एक चपटी बाटली असे. तिच्यात हैदराबादच्या मित्रानं दिलेल्या, माकडाच्या मूत्रपिंडातल्या पेशी. जेलीफिशच्या प्रथिनामुळे निळ्या प्रकाशात त्या हिरव्या चमकत, म्हणे. त्यांना ऊब हवी माणसाच्या अंगाइतकी. वीज गेली की उबवणीचं कपाट थंड पडे आणि सर स्वतःच कपाट होत. मे महिन्यात उलटा प्रकार, बाटली माठाशेजारी ओल्या फडक्यात. शेजारच्या बाई विचारत, "छपराच्या कवेलूवर माकडं कमी आहेत काय सर? हे आणखी काऊन पोसून राह्यले?"

या पेशींचं जेवण म्हणजे साखर, क्षार आणि वासराच्या रक्तातला द्रव घातलेलं गुलाबी पाणी. ते पिवळं पडू लागलं की सर धावत, पेशी उपाशी आहेत. "असा रंग जनतेच्या पोटात टाकला पाहिजे, म्हणजे मंत्र्यांना भूक दिसेल," मी म्हणालो. सर म्हणाले, "भाषणात मधून मधून श्वास घेत जा."

पण हा गुलाबी रंग निळ्या दिव्याखाली स्वतःच मिणमिणतो आणि हिरवं झाकून टाकतो. पेशी पाहायच्या तर बिनरंगी पाणी घालायचं, आणि मग त्यांची भूक कळत नाही. म्हणून सर सहसा पाहतच नसत.

बायको गेल्यापासून घरात सर आणि लेक. लेकीला पुण्यात नोकरी लागली. ती निघण्याआधी तिला तो हिरवा प्रकाश एकदा दाखवायचाच, म्हणून सरांनी त्या दुपारी बिनरंगी पाणी घातलं, सूक्ष्मदर्शकाचा निळा दिवा लावला, आणि वीज गेली. वेळापत्रकात नसताना. शेजारी बसून मी वीज मंडळाला शिव्या घातल्या. सर बाटली बनियनमध्ये ठेवून वाट पाहत बसले.

"बाबा, बस निघून जाईन."

"वीज येईन आता."

आली नाही. स्टँडवर लेक गळ्यात पडायला गेली, तर सरांनी हात आडवा धरला. "हळू. बाटली आहे."

"माहीत आहे," ती हसली, आणि बाजूनं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवून गेली.

आम्ही घरी आलो तेव्हा वीज आलेली होती. सरांनी मला भिंगाशी बसवलं. काळोखात हिरवे ठिपके, एकमेकांना बिलगून.

"दिसलं?"

"दिसलं, सर."

"मग तू सांग तिले. माझं तर ती रोजच ऐकते."

दुसऱ्या दिवशी एसटीडी बूथवरून मी तिला सांगितलं, सभेत सांगतात तसं, हात नाचवत. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"अन् बाबा जेवले काय?" तिनं विचारलं.

भिंगातून डोळा काढल्यावर सरांकडे मी पाहिलंच नव्हतं.