आईची तीनचाकी उचलणारे

अन्याय झाला तो माझ्या आईवर. ईस्टरच्या सुट्टीनंतरच्या मंगळवारी, सकाळी, कामावर जाताना. कालव्याच्या काठाने खडीची वाट जाते, तिच्यावर, दुसऱ्या पुलाच्या जरा अलीकडे. सुट्टीआधी जिथे नुसती वाट होती तिथे त्या सकाळी दोन लोखंडी चौकटी रोवलेल्या होत्या, एकमेकींच्या इतक्या जवळ की मधून माणूस जातो, कुत्रा जातो, सायकल जराशी तिरकी करून जाते. आईची तीनचाकी जात नाही. तिची मागची दोन चाकं अडकतात.

गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं की लोक म्हणतात, त्या गावाचा प्रॉब्लेम आहे. इंग्लंडात कालवा असलेलं कुठलंही गाव धरा.

आई पुण्यात स्कूटर चालवायची. इथे आल्यावर पहिल्याच फटक्यात ड्रायव्हिंग टेस्ट पास झाली, जे बाबाला जमलं नव्हतं, आणि ते ती दर दिवाळीला पाहुण्यांसमोर सांगायची. मग आतल्या कानाचं दुखणं झालं. दुखणं गेलं, चक्कर राहिली. लायसन्स परत करावं लागलं. बाबा सकाळी अंधारात मोटरवेवरून ऑफिसला जाणार, मी रेल्वेने शहरात, आणि आई घरात. बस म्हणाल तर ती आमच्या वसाहतीवरून सुपरमार्केटला जाते आणि सुपरमार्केटवरून परत येते. तिला दुसरीकडे कुठे जायचंच नसतं.

मग कुणीतरी वापरलेली एक हिरवी तीनचाकी सायकल मिळाली. मोठ्या माणसांची, मागे भलीमोठी टोपली. तीन चाकांवर तोल सांभाळावा लागत नाही. आईने ती घेतली आणि पलीकडच्या गावातल्या म्हाताऱ्यांच्या केअर होममध्ये किचनची नोकरी धरली. त्या गावाला रस्त्याने जायचं तर फुटपाथ नाही, दोन्ही बाजूंना उंच कुंपणं आणि व्हॅनवाले वळणावरही वेग कमी करत नाहीत. कालव्याच्या काठाने मात्र एकही गाडी नाही. सपाट, बारीक खडी, एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला हॉथॉर्नच्या काटेरी झुडपांचं कुंपण. पूर्वी इथून घोडे चालत आणि दोरीने नावा ओढत. आता नावांना इंजिनं आहेत आणि वाट मोकळी आहे. नावेत राहणारा एक म्हातारा छपरावरच्या कुंड्यांना पाणी घालताना आईला म्हणायचा, "मॉर्निंग, स्पीडी." आई ते घरी येऊन सांगायची. तिला इथे कुणीतरी टोपणनाव ठेवलं होतं. माझ्या मते तेव्हा ती या देशात राहायला आली. विमानाने आली ते वेगळं.

मी स्वतः त्याच वाटेवर शनिवार-रविवार सायकल मारते. जाड टायर, चिखल, लॉकवर, म्हणजे नावांसाठीच्या पाणदरवाजांपाशी, थांबून सँडविच. आमच्या ग्रुपात सगळ्यांना असं वाटतं की गाड्यांशिवायची वाट म्हणजे सगळ्यांची वाट. चौकटी लागल्यावर त्यातला एकजण सायकल तिरकी करण्याऐवजी खांद्यावर टाकून पलीकडे उतरला आणि म्हणाला, "मजा आली, जरा ॲडव्हेंचर." त्याला काय म्हटलं ते इथे छापण्यासारखं नाही.

चौकटी लावल्या मोटरसायकलवाल्यांना रोखायला. पोरं रात्री वाटेवरून मोटरसायकली पळवत, हे खरं. अजूनही पळवतात. चौकटीच्या जरा आधी कुंपणाला भोक आहे, त्यातून पोरं शेतात शिरतात आणि वळसा घालून पुढच्या पुलापाशी वर येतात. आईची तीनचाकी शेतातून जात नाही. म्हणजे ज्यांना अडवायचं होतं ते गेले, आणि अडकली कोण, तर केअर होममध्ये गाजरं चिरायला निघालेली बाई.

इथवरचा राग कुणालाही येईल. पुढचा राग माझ्या माणसांवरचा आहे, आणि तो जास्त आहे.

त्या मंगळवारी आईने मला फोन केला नाही. बाबाला केला नाही. तिने इथल्या मराठी मंडळातल्या काकांना केला. हे काका चौकटीपासून हाकेच्या अंतरावर राहतात, तीस वर्षं या देशात आहेत, मंडळाच्या गणपतीचं डेकोरेशन दरवर्षी तेच करतात. ते घरून काम करतात. चपला घालून आले, शेजारच्या नागपूरच्या मुलाला बरोबर आणलं, दोघांनी तीनचाकी उचलून पलीकडे ठेवली. आई वेळेवर कामावर पोचली.

संध्याकाळी मी घरी आले तेव्हा काका आमच्याकडे चहा पीत बसले होते.

"काका, मी आजच तक्रार टाकते," मी म्हटलं.

"कशाला ईमेल-बिमेल? आम्ही आहोत ना."

"तुम्ही रोज उचलणार?"

"रोज कुठे, त्यांची ड्युटी तीनच दिवस. वहिनी, तुम्ही टेन्शन घेऊ नका. वाकायचं, धरायचं, टाकायचं. आपला गणपती किती जड असतो."

"गणपतीला कामावरून परत यायचं नसतं," मी म्हटलं. आईने माझ्याकडे पाहिलं. बाबा हसला आणि लगेच बिस्किटं पुढे केली.

दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर ग्रुप निघाला. नाव ठेवलं 'भोई मंडळ'. मंगळवारी कोण, गुरुवारी कोण, संध्याकाळी कोण. सकाळी मेसेज यायचा, "आजचे भोई हजर आहेत का?" कुणीतरी पालखीचं चित्र टाकायचं. सगळी भली माणसं. यातल्या एकालाही मी वाईट म्हणणार नाही, आणि नेमका तिथेच माझा जीव मेटाकुटीला आला. वाईट माणसाशी भांडायला मला शिकवलंय. पत्रक कसं लिहायचं, कौन्सिलरला दारात कसं गाठायचं, सगळं येतं. जो माणूस ऑफिसची मीटिंग म्यूट करून पावसात तुमच्या आईची सायकल उचलतो त्याच्याशी कसं भांडायचं?

आणि आई फुकट उचलून घेणारी नाही. आधी ती कामाच्या दिवशी उठायची, चहा प्यायची, निघायची. आता भोयांसाठी कोथिंबीर वड्या. कधी थालीपीठ. एकाला कांदा चालत नाही म्हणून त्याचा डबा वेगळा. त्यांच्या मीटिंगा सांभाळून ती निघणार. कुणी उशीर केला तर चौकटीपाशी उभी राहणार, येणारे-जाणारे "आर यू ओके, लव्ह?" विचारणार, ही "यस, यस, वेटिंग" म्हणणार. एकटीने कामावर जाणारी बाई दोन महिन्यांत दुसऱ्यांच्या सोयीने जाणारी बाई झाली. मी हे म्हटलं की बाबा म्हणायचा, "अगं, पण भागतंय ना?"

भागतंय. या शब्दावर आपली अर्धी जमात इथे जगते. व्हिसाची फी वाढली, भागवू. घरमालक बॉयलर दुरुस्त करत नाही, स्वेटर घालू. तक्रार केली तर नाव कुठेतरी नोंदलं जाईल, पुढे अडचण होईल. कसली अडचण, ते कुणीच सांगत नाही. काकांकडे तर ब्रिटिश पासपोर्ट आहे, तरी तेही म्हणतात, आपण कशाला डोळ्यावर यायचं.

मी तरी ईमेल पाठवत राहिले. शेवटी कालव्याची देखभाल करणाऱ्यांकडून उत्तर आलं, एक अधिकारी पाहणीला येईल. मी ग्रुपवर चक्क मराठीत, ठळक अक्षरात लिहिलं: त्या सकाळी कुणीही येऊ नका. आई एकटी येईल, चौकटीपाशी अडकेल, आणि त्याला ते दिसेल. एवढंच हवं होतं. बाकी भाषण करायला मी होते.

अधिकारी आला. तरुण होता, चिखलाचे बूट, गळ्यात ओळखपत्र, वागायला सभ्य. मी त्याला भोक दाखवलं, टायरच्या खुणा दाखवल्या. तेवढ्यात आई आली, चौकटीपाशी थांबली, चाकं अडकवून दाखवणार, इतक्यात वळणावरून काका. इस्त्रीचा शर्ट, वर ब्लेझर. बरोबर नागपूरचा मुलगा.

"काका, मी नको म्हटलं होतं," मी मराठीत म्हटलं.

"अगं, साहेब येणार आणि आपली माणसं दिसली नाहीत तर कसं दिसेल? वहिनींना एकटं सोडलं म्हणतील."

"एकटंच सोडायचं होतं."

"तू गप्प. बघ आता इंप्रेशन."

आणि त्यांनी तीनचाकी उचलली. कधी नव्हे इतक्या झोकात उचलली. पलीकडे ठेवली, टोपली नीट केली, काकांनी अधिकाऱ्याशी हात मिळवला आणि म्हणाले, "वी आर लाइक फॅमिली." तो अधिकारी मनापासून हसला. म्हणाला, हे फार सुंदर आहे, अशी कम्युनिटी हल्ली दिसत नाही. मग आईकडे वळून त्याने विचारलं, या व्यवस्थेत तुम्हाला काही अडचण?

आईने काकांकडे पाहिलं. काकांच्या ब्लेझरला ग्रीसचा डाग पडला होता.

"नो, नो," आई म्हणाली. "नो प्रॉब्लेम."

कालव्याच्या ऑफिसचं उत्तर आलं ते दोनच ओळींचं. संबंधित वापरकर्त्यासाठी स्थानिक पातळीवर समाधानकारक व्यवस्था असल्याचं दिसून आलं. चौकटी राहतील.

मी आईवर ओरडले. ओरडायला नको होतं, पण ओरडले. ती किचनमध्ये वड्या कापत होती, सुरी खाली ठेवून म्हणाली, "दोन माणसं माझं ओझं उचलून देऊन समोर उभी होती. त्यांच्या तोंडावर काय सांगू, की मला हे नको होतं?"

"हो. तेच सांगायचं होतं."

"तू सांगशील," ती म्हणाली. "तुला कुणी उचलत नाही."

मी तिची सुरी उचलली आणि उरलेल्या वड्या कापल्या. 

पानगळ सुरू झाली तशी ग्रुपवर मेसेज कमी झाले. नागपूरच्या मुलाला ब्रॅकनेलला नोकरी लागली, तो तिकडे राहायला गेला. काकांची पाठ धरली आणि काकूंनी मला रस्त्यात गाठून सांगितलं, आता बास कर म्हणावं आईला. जणू आई त्यांना पट्ट्याला बांधून आणत होती. एका सकाळी कुणीच आलं नाही. आई पावसात उभी राहिली आणि मग तीनचाकी वळवून घरी आली. केअर होमच्या मॅनेजरने समजून घेतलंय, पण किती दिवस? दर ड्युटीला वेळेवर येता येईल का ते नाताळच्या आत सांगा, नाहीतर जागा भरावी लागेल, असं तिने गोड आवाजात सांगितलं आहे. बाबाचा उपाय तयार आहे: टॅक्सी. आईने त्याला एवढंच विचारलं, "टॅक्सीत मला स्पीडी कोण म्हणणार?"

मी पुन्हा पाहणी मागितली आहे. मिळाली आहे. या वेळी काकांच्या घरी स्वतः गेले. ते पाठीला गरम पिशवी लावून बसले होते. मी म्हटलं, काका, या वेळी नक्की या, पण उचलायचं नाही. त्याला सांगा, तुमची पाठ कशाने गेली. त्यांनी पिशवी जरा वर सरकवली. मग म्हणाले, "साहेबासमोर असं रडगाणं गायचं?" काकू आतून म्हणाल्या, "घरी रोज गाता ते?" येतील की नाही, मला माहीत नाही.

आता तुम्ही. तुम्ही इथे राहता, तुमच्या गावातही कालवा आहे, त्याच्या काठी अशी चौकट आहे, आणि तिथे बाबागाडी, व्हीलचेअर, तीनचाकी उचलून देणारे तुम्हीच आहात, हे मला ठाऊक आहे. या वेळी उचलायच्या आधी फोन काढा. अडकलेल्या चाकाचा फोटो घ्या. मग उचला हवं तर, पण त्याच दिवशी ती वाट ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना फोटो पाठवा आणि स्वतःच्या नावाने लिहा की या बाईला, या माणसाला इथून एकटं जाता येत नाही. कुणी विचारलं, तुमचं भागतंय ना, तर नाही म्हणा. तोंडावर म्हणा.