कोरडा शर्ट

नव्वदच्या दशकात बंगळूरच्या जे. पी. नगरात माझं किराणा दुकान होतं. संध्याकाळी पाऊस असला की पन्नाशीचा एक माणूस मोटरसायकल माझ्या पत्र्याखाली लावायचा आणि दुकानभर पाणी करायचा. मी चिडायचो; नाव मात्र कधी विचारलं नाही. स्वतः चिंब, पण पाठीवरच्या बॅगेला रेनकोट! तिच्यातून कोरडा शर्ट काढून घालायचा आणि माझीच छत्री मागून समोरच्या बोळात घरी जायचा.

"रेनकोट तुम्ही घाला की हो," एकदा मी वैतागून म्हणालो.

"त्यानं अंग भिजायचं थांबत नाही, अण्णा. शर्ट तरी कोरडा राहू दे. आईला दिसत नाही. दारातच अंगावरून हात फिरवते. पावसात गाडी चालवली हे कळलं तर रात्रभर झोपत नाही. बसनं आलो म्हणतो."

म्हणूनच गाडीचा आवाज बोळात जाऊ द्यायचा नव्हता.

त्यानं केस खसाखसा पुसले आणि माझ्यापुढं डोकं वाकवलं. "स्वल्प, जरासा हात लावून बघा. कळतंय का?"

मी त्या पिकलेल्या केसांवरून हात फिरवला. मानेपाशी अजून ओलं होतं. मी त्याच्या हातातला टॉवेल घेतला.