टाकीनंतरचं पहिलं पीठ

ओढ्याकाठची पाणगिरणी कुणी बांधली, कधी बांधली, असं कुणी विचारलं की गिरणीवाल्या काकू फटकन म्हणत, "मला काय ठाऊक! मी काय तेव्हा दगड उचलायला होते?" गिरणीचा खरा इतिहास त्यांच्या लेखी वेगळाच होता, आणि तो त्यांना तोंडपाठ होता.

त्याचं असं, की दगड गुळगुळीत झाले की छिन्नीनं खाचा पाडून टाकी लावावी लागते, आणि त्यानंतरच्या पहिल्या दळणात दगडाची कच उतरते. ते पीठ कोंबड्यांना घालायचं, असा सासऱ्यांचा दंडक होता. नवरा गेला, गिरणी काकूंच्या हाती आली, आणि त्यांना वाटलं, गावात एवढी लायक माणसं असताना बिचाऱ्या कोंबड्यांना कशाला त्रास? लेकीला ढ म्हणणारे मास्तर, काकूंच्या चालण्याची नक्कल करणारा शिंपी, सगळ्यांच्या दाताखाली पाळीपाळीनं कचकच झाली. कुणी तक्रार केलीच तर काकू साळसूदपणे म्हणत, "धान्य निवडून आणत जा हो."

मग एक दिवस नणंद आली. गिरणीत तिचा अर्धा हिस्सा.

"वहिनी, हे मोडकं धूड विकून टाकू. गोदामासाठी गिऱ्हाईक आलंय."

गिरणी गेली तर त्यांनी जायचं कुठं? जेवताना गोडीगुलाबीनं समजवायचं असं त्यांनी ठरवलंही. पण मोडकं म्हणाली? त्या चाकाच्या फळ्या काकूंनी स्वतःच्या हातानं ठोकल्या होत्या. डोकं फिरलं ते फिरलंच. सकाळीच टाकी लावून झाली होती. त्यांनी नणंदेसाठी तेच पीठ मळलं.

ताट वाढलं आणि त्या भानावर आल्या. अगं बाई, हे काय करून बसले मी! ही तर याच गिरणीत लहानाची मोठी झालेली. ताट मागं घ्यावं तर कारण काय सांगणार? तोवर नणंदेनं घास घेतला. कचकन आवाज झाला.

"वहिनी, आज टाकी लावलीत?"

"हो, वन्सं." काकूंनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

"मग कोंबड्या?"

"त्या... बऱ्या आहेत."

नणंदेनं एकदा ताटाकडे, एकदा वहिनीकडे पाहिलं. मग तिला असं हसू फुटलं की डोळ्यांतून पाणी आलं.

"उरलंय का हे पीठ?"

"आहे थोडं."

"बांधून द्या. गिऱ्हाइकाला मी वाटेला लावते. गिरणी विकून कसं चालेल, वहिनी? माझ्या जावेचे दात अजून चांगले शाबूत आहेत."