वर या, सांगते

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या मावशी स्वतः सत्तरी ओलांडलेल्या. कोणतीही बातमी त्या अर्धीच सांगतात आणि शांतपणे लसूण सोलत बसतात. पुराच्या धोक्याच्या पाहणीसाठी मी घरोघरी गेले, पाणी आलं तर वरच्या मजल्यावर चला म्हटलं, तेव्हा तळमजल्यावरच्या बाकी आज्या म्हणाल्या होत्या, "जिना चढवत नाय, बाई."

परवा दुपारी नाल्याचं पाणी फाटकातून आत आलं. माझ्या बारीक आवाजातल्या विनवण्यांनी एकही आजी घर सोडेना. मग मावशी जिन्यात उभ्या राहिल्या.

"कोपऱ्यावरच्या घरातली सून परत आली. लई गंमत झाली. वर या, सांगते."

गुडघे धरत, एकमेकींना रेटत सगळ्या वर पोचल्या. खाली खोल्यांत पाणी शिरलं, तेव्हा वर एकच गलका होता, "अगं, पुढं काय झालं?"

"दम धरा," मावशी म्हणाल्या. "आधी चहा होऊ द्या."