दोहात उघडलेली द्राक्षाची पेटी

माझ्या मुलीने मला फसवलं. सायलीने, दोहात, भर वर्गात.

मी नाशिकहून निघालो ते तिथल्या युनिव्हर्सिटीत शिकणाऱ्या सायलीला कॉमर्सला वळवायला. हातात आमच्या बागेतल्या द्राक्षांची पेटी. दोहाच्या विमानतळाबाहेर जिकडेतिकडे क्रेन. फुटबॉलचा वर्ल्ड कप येऊ घातलेला. टॅक्सीवाला सिन्नरचा निघाला. मी भाव करायला तोंड उघडताच म्हणाला, "मीटर आहे शेठ. यल्ला (चला), बसा." पहिला अपमान.

अल मन्सूरा भागातल्या हॉटेलात सायलीने डोसा खाऊ घातला आणि सांगितलं, "पप्पा, मी चिकानो (मेक्सिकन वंशाचे अमेरिकी) आणि लॅटिनो लोकांची संस्कृती शिकते. आणि सामाजिक न्याय."

"त्याचं दुकान कुठे लागतं?"

"उद्या वर्गात या. नाही पटलं तर कॉमर्स घेते. खलास!"

प्राध्यापिका बाई कॅलिफोर्नियाच्या. त्यांची आजी तिथल्या द्राक्षमळ्यात मजूर होती. मी ऐटीत पेटी उघडली. कुणी हात लावेना. बाई म्हणाल्या, तिथल्या मजुरांनी संप केला, तेव्हा मालक नमेपर्यंत गिऱ्हाइकांनी द्राक्षं खाणंच सोडलं होतं.

"तुमच्या बागेत बायकांना शौचालय आहे?" एका मुलीने विचारलं.

"बाग मोठी आहे," मी म्हणालो.

मी घाम पुसला. "बरं, सावलीला मंडप घालतो."

"शौचालय," सायली म्हणाली.

"पुढच्या हंगामात बघू."

ती शांतपणे उठली. "चला, कँटीनमध्ये सफरचंदं चांगली मिळतात."

ही माझी युक्ती! दुकानदार भाव सोडेना की मी डोळा मिचकावायचो आणि एवढीशी सायली म्हणायची, "चला पप्पा, पलीकडे चांगलं मिळतं." अख्खा वर्ग तिच्यामागे उठला. पहिला पोरगा दाराशी पोचला आणि मी ओरडलो, "थांबा! दोन शौचालयं! पिण्याचं पाणीसुद्धा!"

पेटी क्षणात रिकामी झाली. कॉमर्सचं नावही निघालं नाही.

परत आलो तो थेट बागेत. सायलीचा फोन माझ्याआधी पोचला होता. काढणीच्या बायका हसत होत्या. सखूबाईने विचारलं, "शेठ, दोन म्हणं?"

"सध्या एक."

"चला गं, पलीकडच्या बागेत काम हाय," ती म्हणाली, आणि सगळ्या उठल्या.

दोन्ही बांधली. मंडपही घातला. पण माझी युक्ती मला न विचारता जगभर वाटली, त्याचा जबाब कोण देणार? त्या युनिव्हर्सिटीने द्यावा. इथे येऊन, बागेत माझ्यासमोर उभं राहून द्यावा. आणि मधेच उठून जायचं नाही!