भोईरांची त्रेसष्ट नावं

कुकरची दुसरी शिट्टी झाली आणि दारावर थाप पडली. बेल असताना थाप मारणारी आमच्या बाळकुमच्या इमारतीत एकच बाई, खालच्या मजल्यावरच्या कांताताई.

"बाय, जरा खाली ये गं. माझी माणसं गेली."

मी दचकलेच. मग कळलं, माणसं कॉम्प्युटरमधली.

कांताताई बावीस वर्षं लग्नाच्या आणि हळदीच्या पत्रिका टाइप करतात. इथल्या जुन्या घरांच्या पत्रिकेत अख्खी भावकी लागते, थोरल्या आजोबांपासून तान्ह्या नातवापर्यंत, मानाप्रमाणे. एकेका घराण्याची यादी त्यांनी टाइपिंगच्या प्रोग्रॅमला शिकवून ठेवलेली. 'भोबा' लिहून एक बटण दाबलं की बाळकुमच्या भोईरांची त्रेसष्ट नावं पानावर उतरायची. कोण वारलं, कोणती सून आली, तेही त्या तिथेच बदलायच्या. वहीत कुठे काही नाही.

काल नवा कॉम्प्युटर आला. दुकानातला पोरगा, संदेश, "काकू, सगळं कॉपी केलंय" म्हणून निघून गेला. पत्रिका आल्या होत्या, याद्या नव्हत्या. आणि धनेश भोईरांच्या मुलीची, कल्पिताची हळदीची पत्रिका आज दुपारी बारापर्यंत छापखान्यात जायची होती.

"मागच्या पत्रिकेतून घ्या ना नावं," मी म्हटलं.

"चार वर्षं झाली तिला. तेव्हापासून तिघं गेली, पाच सुना आल्या. सगळं आठवायचं कुठून?"

तेवढ्यात धनेशचा फोन. "काकी, या वेळी खोपटच्या काकांना खाऊ नका हां!"

मागच्या वेळी ते एक नाव राहिलं, तर ते सगळं घर मांडवातून न जेवता परतलं होतं. कांताताई नुसतं "हो रे बाबा" म्हणाल्या आणि चष्मा काढून डोळे चोळत बसल्या.

आमच्या लेकीचा, प्राचीचा कॉम्प्युटर बदलला तेव्हा मी शेजारी बसून पाहिलं होतं. आपण प्रोग्रॅमला शिकवलेलं आपल्या फाइलींमध्ये नसतं. ते त्याच्या सेटिंगच्या फाइलीत असतं, आणि ती फाइल लपवलेल्या फोल्डरमध्ये. कोपऱ्यातला जुना कॉम्प्युटर लावला. लपवलेलं दाखव, अशी खूण केली तसा एक फिकट फोल्डर दिसायला लागला. त्याच्या आत फोल्डर, त्याच्याही आत फोल्डर. शेवटी फाइल सापडली. पेनड्राइव्हवर घेतली, नव्यात त्याच जागी टाकली, प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडला. 'भोबा'. बटण.

काही नाही.

"राहू दे गं," कांताताई म्हणाल्या. "आता हे कामच बंद करते. किती दिवस लोकांची नाती सांभाळायची?"

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं. मघाशी मी फाइल टाकली तेव्हा प्रोग्रॅम उघडाच होता. बंद होताना त्याने स्वतःची कोरी फाइल तिच्यावर लिहिली असणार. या वेळी आधी तो बंद केला, मग फाइल टाकली, मग उघडला.

'भोबा'. बटण.

पान भरलं. कै. धोंडीबा, गंगुबाई, रघु, सगुणा... खाली, खाली, खालीच.

साडेअकरा झाले होते. कांताताईंच्या अंगात हसायचंही त्राण नव्हतं. त्यांनी चष्मा टेबलावर ठेवला, खुर्चीत मागे टेकल्या आणि डोळे मिटले.

"माझ्या डोळ्यांना आता दिसत नाही, बाय. तेवढी नावं एकदा मोठ्याने वाच."