पातेल्यात उरतो तो रस्सा

मनीषा स्वयंपाकघरात फरशीवर पडली होती, आणि मी आधी तव्यावरची पोळी उलटली.

पुरणाची पोळी होती, करपली असती. ती उलटली, गॅस बारीक केला आणि मग तिच्याकडं वळून म्हणाले, "ऊठ. पाहुणे येतील आता. नाटकं नको करू." ती म्हणाली, "आत्या, दम लागतोय..." एवढंच. मग तिचे ओठ निळे दिसायला लागले, तेव्हा कुठं मी गॅलरीत जाऊन शेजारच्यांना हाक मारली. दोघातिघांनी तिला जिन्यावरून खाली नेलं, रिक्षात घातलं. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्या दिवशी ती लाटत होती आणि मी स्टुलावर बसून भाजत होते. चाळीस पोळ्या करायच्या होत्या, सव्वीस झाल्या होत्या.

मनीषा माझी सून. एकेचाळीस वर्षांची. तिला जाऊन आता दोन महिने होतील. आमच्याकडं सून सासूला आत्या म्हणते, तशी तीही मला एकवीस वर्षं आत्या म्हणाली. मी चौथी शिकलेली बाई आहे. लिहायची सवय नाही. पण जे सांगायचंय ते दुसऱ्या कुणाला माहीत नाही, म्हणून मलाच लिहावं लागतंय.

आम्ही शहरात, गारखेड्यात दुसऱ्या मजल्यावर राहतो. आठ-आठ दिवसांनी नळ येतो. आला की खालच्या टाकीतून पाण्याचे कॅन वर चढवायचे, ड्रम भरायचे, हे काम मनीषाचं. माझा मुलगा विलास शेंद्र्याला कंपनीत आहे, पाणी यायच्या वेळेला तो कधी घरात नसायचाच. तीन वर्षांपूर्वी असाच कॅन चढवताना तिची पाठ धरली. महिनाभर वाकता येईना. हाडाच्या डॉक्टरनं सांगितलं, हाडं चांगली आहेत, पण अंगात स्नायूच नाहीत, गोळ्यांनी काही होणार नाही, व्यायाम करा आणि नीट खा. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका ताईची जिम आहे, अकरा ते साडेबारा फक्त बायका असतात. मनीषा तिथं जायला लागली. शेजारच्या बायकांनी मला विचारलं, तुमची सून रोज पिशवी घेऊन कुठं जाते हो? मी सांगितलं, कॉम्प्युटरच्या क्लासला. सून लोखंड उचलते हे सांगायची मला लाज वाटायची.

जिममधून तिला खाण्याचा कागद मिळाला. त्यात ओट्स, ब्रोकोली, कोंबडीच्या छातीचा तुकडा, कसली तरी पावडर. विलासनं वाचला आणि हसला. म्हणाला, "हे खायचं तर मला दोन कंपन्यांत नोकरी धरावी लागंल." तीही हसली. मग कागद घेऊन माझ्याजवळ येऊन बसली. "आत्या, गावाकडं सोयगावला तुम्ही हुलग्याचं काय करायच्या?" मी सांगितलं, माडगं करायचो, हुलगे भाजून, भरडून, ताकात शिजवून. तिनं ते लिहून घेतलं. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं तिचं सगळं लिहिलेलं असायचं. ओट्सच्या जागी ज्वारीची भाकर, पिठात भाजलेल्या सोयाबीनचं पीठ मिसळून. पावडरच्या जागी फडक्यात टांगलेलं दही. मोडाची मटकी, चवळी, पिठलं, दोन अंडी. रविवारी कोंबडी, तीही आपल्याच काळ्या मसाल्यातली. गुलमंडीच्या बाजारातून तळहाताएवढा वजनाचा काटा आणला आणि त्यावर वाटी ठेवून ती मटकी मोजायची. एका महिन्यात तिनं त्या कागदातलं एकेक नाव आमच्या फडताळातल्या डब्यांवर आणून बसवलं. ते मी बघत होते. हुशार बाई आहे, असं मनात आलंही होतं... तोंडावर कधी म्हणाले नाही.

इथपर्यंत मी सहन केलं. पण मग ती स्वतःचं आधी काढून ठेवायला लागली. स्वयंपाक झाला की एका स्टीलच्या डब्यात मोजून मटकी, अंडी, दही भरायची, झाकण लावायची, आणि मग आम्हाला वाढायची. आमच्या घरात असं कुणी केलं नव्हतं. रांधणारी बाई शेवटी बसते आणि असेल ते खाते. मी तिला विचारलं, "देवाआधी स्वतःचं ताट काढायचं, हे कुठं शिकलीस?"

"देवाचा निवद आधी काढलाय, आत्या. मग माझं."

"मधली माणसं कुठं गेली?"

"माणसं पोटभर जेवतात. मी शेवटी बसते तवा पातेल्यात रस्सा उरतो. दाणे सगळे तुमच्या ताटात गेलेले असतात. रस्सा पिऊन अंगात काय भरणार?"

हे मला कळलं नाही असं नाही. लगेच कळलं, आणि म्हणूनच राग आला. मी पन्नास वर्षं रस्सा प्याले होते. आमचे धाकटे दीर तालमीत जायचे. त्यांच्यासाठी वेगळी म्हैस होती, भिजवलेले बदाम होते. मी सोळा वर्षांची नवी नवरी, पहाटे त्यांचं दूध तापवून तांब्या भरून द्यायचे आणि स्वतः पाणी घातलेलं ताक प्यायचे. अंग कमवायचं तर खावं लागतं, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. गड्यानं खाल्लं तर खुराक, बाईनं खाल्लं तर हावरटपणा. तसं कुणी बोलून दाखवत नव्हतं. मी दाखवलं. माझी नणंद आली की तिच्यासमोर मुद्दाम म्हणायचे, "आमच्याकडं सूनबाई आधी जेवतात बरं का."

एकदा नणंद न सांगता आली, सोबत दोन माणसं. मनीषा जिमला गेलेली. मी फ्रीजमधला तिचा डबा काढला आणि त्यांना वाढून टाकला. घरात दुसरं काही नव्हतं असं नव्हे. एक वाजता ती घामाघूम होऊन आली, डबा उघडला, तो रिकामा आणि धुऊन ठेवलेला. तिनं ठेच्यासोबत भाकर खाल्ली आणि भांडी घासली. दुसऱ्या दिवसापासून तिनं दोन डबे भरायला सुरुवात केली. विलासनं विचारलं, दोन कशाला? म्हणाली, "एक माझा, एक आत्यांना वाटायला." विलास पोट धरून हसला. मला बोचलं. तरी तो दुसरा डबा मी दोनदा वाटलाच.

ती जोर धरत गेली. एकदा मोबाईलवर मला दाखवलं, ऐंशी किलोचं लोखंड जमिनीवरून उचललं होतं, मागं बायका टाळ्या वाजवत होत्या. "बघा ना आत्या, ज्वारीचं पोतं उचलल्यासारखं हाय." मी म्हणाले, "मग नळ आला की दोन-दोन कॅन आण." ती म्हणाली, "आणतेच की." खरंच आणायची.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर मी न्हाणीत घसरले. खुबा मोडला, ऑपरेशन झालं. माझ्या वयात बायका त्यानंतर खाटेवरून उठत नाहीत, माझी थोरली बहीण उठली नव्हती. मनीषा माझ्या काखेत हात घालून मला उठवायची. "माझ्या मानंभोवती हात टाका. श्वास सोडत उठायचं. एक, दोन, तीन." मी काही हलकी बाई नाही. ती एकदाही अडखळली नाही, मला एकदाही भीती वाटली नाही. आणि तिनं माझाही डबा सुरू केला. तिच्या डब्याशेजारी माझा, त्यात मऊ शिजवलेले हुलगे, दही, कुस्करलेलं अंडं. "तुमचंबी आता आधी," म्हणाली. जन्मात पहिल्यांदा मी घरातल्या सगळ्यांच्या आधी दाणे खाल्ले. चार महिन्यांत काठी सोडली. डॉक्टर म्हणाले, मांडीत ताकद आहे म्हणून निभावलं. नणंद भेटायला आली, तिला मी सांगितलं, "जुनं हाड आहे माझं, सोयगावचं." मनीषा भांडी घासत होती. तिथूनच म्हणाली, "व्हय, हाड जुनंच आहे. मांडी तेवढी नवी आहे." तेव्हा मीही हसले. पण डबा तिचा होता, असं नणंदेला सांगितलं नाही.

आता त्या दिवसाचं सांगते. पाहुणे दुपारी येणार होते, नणंद आणि तिची माणसं. विलास कंपनीत, नात पल्लवी कॉलेजात. सकाळी नऊच्या सुमाराला मनीषा पुरण वाटता वाटता थांबली आणि खांदा चोळायला लागली. "आत्या, डावा हात लई दुखतोय. पाठीतबी कळ येतीय."

"लोखंड उचल अजून."

"काल तर जिमला सुट्टी होती." थोडा वेळ गेला. मग म्हणाली, "खालच्या दवाखान्यात जाऊन येऊ का? अर्ध्या तासात येते."

मी म्हणाले, "पाहुणे आल्यावर मी एकटीनं काय करायचं? संध्याकाळी जा." आणि बामची बाटली दिली. तिनं बाम लावला आणि कणीक मळायला घेतली. त्यानंतर साधारण चार तास ती उभी होती. मधून मधून ओट्याला हात टेकवायची. मी बघितलं होतं ते...

दवाखान्यातल्या डॉक्टरनं मला विचारलं, सकाळपासून काही दुखत होतं का? विलास तोवर शेंद्र्याहून पोचला होता, माझ्या बाजूलाच उभा होता. मी म्हणाले, "नाय. काही नाय. एकदम पडली." डॉक्टर म्हणाले, हृदयाचा झटका. वेळेत कळलं असतं तर काहीतरी करता आलं असतं. घराण्यात कुणाला होतं का, असंही विचारलं. तिचे वडीलही पंचेचाळिशीत असेच गेले होते. पण हे सगळं विलासला आणि मलाच माहीत झालं. दहाव्याला, तेराव्याला जी माणसं आली ती वेगळंच बोलत होती. नणंद म्हणाली, "एवढी अंडी, एवढं लोखंड. बाईच्या अंगाला झेपतं का?" मी मान हलवली. कुणीतरी म्हणालं, जिमनंच घात केला. मी म्हणाले, "मी किती सांगत होते." एकदा नाही, जो भेटायला आला त्याला म्हणाले. असं म्हटलं की माणसं माझ्या पाठीवरून हात फिरवायची. मला ते बरं वाटायचं.

विलासनं ते ऐकलं आणि खरं धरलं. काटा माळ्यावर टाकला, कॅलेंडर फाडलं. पल्लवी रविवारी आईबरोबर जिमला जायची, ते बंद केलं. स्वयंपाक आता पल्लवी करते, कॉलेजला जायच्या आधी. अठरा वर्षांची आहे. मागं एका रविवारी दुपारी तिनं आम्हाला वाढलं, उसळ होती चवळीची. आमचं होत आलं तशी ती ओट्यापाशी उभ्यानंच जेवायला लागली. पातेल्यातल्या रश्शात भाकर कुस्करली होती. दाणा एक नव्हता. मी म्हणाले, "आधी काढून ठेवत जा की तुझं."

ती म्हणाली, "असू दे आजी. आईनं आधी घेतलं, काय झालं तिचं?"

विलास खाली बघून जेवत होता. काही बोलला नाही, म्हणजे त्यालाही तसंच वाटत होतं. त्या पोरीच्या डोक्यात हे मी घातलं होतं. तिची आई आधी जेवली म्हणून मेली, असं ती धरून बसली होती आणि त्या हिशेबानं रस्सा पीत होती. मग मी तिथंच ताटावर सांगितलं. हात दुखत होता, पाठीत कळ होती, दवाखान्यात जाऊ का म्हणाली होती, मी जाऊ दिलं नाही. पोळी उलटली तेही सांगितलं.

विलासचा हात ताटातच राहिला. म्हणाला, "डॉक्टरनं विचारलं तवा मी तिथंच होतो, आई."

"व्हय."

"तू नाय म्हणालीस."

"व्हय."

तो उठला, हात न धुता बाहेर गेला. पल्लवीनं एकच विचारलं, "ती जाते म्हणाली होती? तिनं स्वतःहून विचारलं होतं?" मी हो म्हणाले. तिनं पातेलं सिंकमध्ये ठेवलं आणि आत जाऊन दार लावलं.

त्याला आता बारा दिवस झाले. विलास माझ्याशी बोलत नाही. पल्लवी माझं ताट वाढते, समोर ठेवते, निघून जाते. त्या दोघांना मी काही म्हणू शकत नाही. माफीही मागितलेली नाही, कारण जिची मागायची ती नाही. पल्लवी परत जिमला जायला लागलीय, मला न विचारता. तेवढं बरं झालं.

ज्या पेपरच्या पुरवणीसाठी हे लिहितेय ती नणंदेकडं येते, सोयगावच्या आमच्या माणसांकडंही येते. तेराव्याला त्यांनी माझ्या तोंडून जे ऐकलं ते खोटं होतं. मनीषा जिमनं गेली नाही, अंड्यांनी गेली नाही, आधी जेवली म्हणूनही गेली नाही. तिला दवाखान्यात जायचं होतं आणि मी तिला पोळ्या लाटायला ठेवून घेतलं. सकाळपासून पाहुणे यायच्या वेळेपर्यंत घरात आम्ही दोघीच होतो. एक एकेचाळीस वर्षांची, एक चौऱ्याहत्तर वर्षांची. चौऱ्याहत्तरची जिवंत आहे.